खऱ्या आंकड्यांची भूल

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. जून महिन्यांत शाळा नुकतीच सुरू झाली असतां, आठवींतून नववींत चढलेल्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या हातीं एका शिक्षणसंस्थेची छापील जाहिरात होती. तिच्या माथ्यावर ठळक अक्षरांत "सलग सातव्या वर्षीं शेंकडा १०० निकाल" असें छापलेलें असून खालीं हंसऱ्या मुलामुलींचीं छायाचित्रें ओळीनें मांडलेलीं होतीं. गृहस्थ मोठे सज्जन. त्यांनीं संकोचानें विषय काढला. "सर, आपल्या शाळेविषयीं आमची कांहींएक तक्रार नाहीं. पण आपला निकाल शंभरावर जात नाहीं, त्यांचा दरसाल जातो. मुलाच्या जन्माचा प्रश्न आहे. दाखला द्यावा." जाहिरातींतील मजकुराची खात्री करून घेतली आहे काय, असें आम्हीं विचारलें. त्यांनीं ती करून घेतली होती. पुढें आम्हींही चौकशी केली. आंकडा अगदीं खरा होता; त्यांत लबाडी म्हणून नांवाला नव्हती. आम्हीं दाखला दिला.

हा शंभराचा आंकडा कसा तयार होतो, हें शिक्षणाच्या धंद्यांत असलेल्यांस ठाऊक असतें. पालकांस मात्र बहुधा नसतें. दहावीच्या परीक्षेस कोणी बसावें याची निवड पुष्कळ ठिकाणीं नववींतच उरकून घेतात. जे विद्यार्थी कच्चे दिसतात त्यांतील कांहीं नववींतच राहतात. कांहींच्या आईबापांना बोलावून आणून "मुलाला झेंपणार नाहीं, त्यापेक्षां दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा," असा हितोपदेश करण्यांत येतो. सतरा नंबरच्या फॉर्मावर बसणारा तो खाजगी विद्यार्थी. त्याच्या पास-नापासाची डोकेदुखी मग शाळेला उरत नाहीं. समजा, एका शाळेंत नववीच्या वर्गांत ६० मुलें होतीं. वीस गळालीं, चाळीस परीक्षेस बसलीं व चाळीसही उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा १००. शेजारच्या शाळेंतही ६० मुलें होतीं. तिनें साठहि बसविलीं व त्यांतील ५४ उत्तीर्ण झालीं. निकाल शेंकडा ९०. पहिल्या शाळेच्या दारावर तोरण लागतें, दुसरीचे मुख्याध्यापक पालकसभेंत खालीं मान घालून बसतात. आणि साठांतील चाळीस पार पडलीं कोठें व चौपन्न पार पडलीं कोठें, हा हिशेब करावयास त्या सभेंत कोणासच सुचत नाहीं.

खोट्या आंकड्यांपासून सावध राहावें, हें आम्हां सर्वांस लहानपणापासून शिकविलें जातें. काट्याखालीं लोहचुंबक लावणारा वाणी आणि दुधांत पाणी घालणारा गवळी हे आज ना उद्यां सांपडतात. त्यांच्यासाठीं सरकारनें निरीक्षक नेमले आहेत. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, शहाणींसुरतीं, शिकलेलीं माणसें खोट्यापेक्षां खऱ्या आंकड्यांनींच अधिक फसतात. याचें कारण शोधूं गेल्यास तें आमच्यापाशींच सांपडतें. आंकडा हा कोणत्या तरी एका प्रश्नाचें उत्तर असतो. आमच्या मनांत प्रश्न असतो दुसराच, आणि समोर खरें उत्तर दिसतांच तें आम्ही आपल्या प्रश्नास चिकटवून मोकळे होतों. वरील गृहस्थांचा प्रश्न "माझा मुलगा तेथें गेला तर तरेल काय?" असा होता. जाहिरातींत उत्तर होतें तें "आम्हीं ज्यांना परीक्षेस बसूं दिलें त्यांतील किती तरले?" या प्रश्नाचें. दोहोंच्या मधली उडी जाहिरातदारानें मारलेली नसून गृहस्थांनीं स्वतः मारलेली होती. म्हणूनच तिची शंका त्यांस आली नाहीं.

ही भूल आजची नव्हे. दादाभाई नौरोजी यांचें नांव आमचे विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकांत वाचतात; परंतु हे गृहस्थ मूळचे गणिताचे शिक्षक, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकविणारे पहिले हिंदी प्राध्यापक, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर त्यांनीं १८७६ सालीं मुंबईंत जो निबंध वाचला, त्यांत राजकारणापूर्वीं त्यांना एक अंकगणिताची चूक दाखवावी लागली. सरकारी अहवालांत पिकाच्या उत्पन्नाची किंवा धान्याच्या भावाची सरासरी काढतांना प्रत्येक जिल्ह्याचा आंकडा घ्यावयाचा, त्या आंकड्यांची बेरीज करावयाची व जिल्ह्यांच्या संख्येनें भागावयाचें, असा परिपाठ होता. कोणत्या जिल्ह्यांत एकर किती व माल किती, याची विचारपूस नाहीं. मध्यप्रांतांतील भाताचेच आंकडे घेऊन दादाभाईंनीं हा दोष उघड केला.

आमच्या बालमित्रांनीं पाटी-पेन्सिल घेऊन पाहावें. एका तालुक्यांत भाताचे १,००० एकर, उत्पन्न एकरीं २० मण. दुसऱ्यांत ९,००० एकर, उत्पन्न एकरीं १० मण. अहवालाच्या रीतीनें वीस आणि दहा मिळून तीस, भागिले दोन, म्हणजे एकरीं सरासरी १५ मण. आतां खरें भात मोजूं. पहिल्या तालुक्यांत २०,००० मण, दुसऱ्यांत ९०,००० मण, एकूण १,१०,००० मण; दहा हजार एकरांनीं भागतां एकरीं ११ मण. मधले जे चाळीस हजार मण राहिले ते कागदावर पिकले. ते कोणत्याही कणगींत शिरले नाहींत व कोणत्याही चुलीवर शिजले नाहींत. आणि येथें लक्ष्यांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं प्रत्येक तालुक्याचा आंकडा खरा होता, बेरीज बरोबर होती, भागाकारही बरोबर होता. कारकुनानें कांहीं चोरलें नाहीं. परंतु अशा सरासरीवर भरंवसा ठेवून रयत खाऊनपिऊन सुखी आहे असें जर कोणी म्हणूं लागला, तर रयतेच्या पोटाला त्याचा चटका बसावयाचाच.

खुद्द दादाभाईंच्या हिशेबानें १८६७-६८ च्या सुमारास हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न माणशीं सुमारें वीस रुपये पडत होतें. हा आंकडा पुढें देशभर गाजला. पण आपल्याच आंकड्याविषयीं त्यांनीं किती सावधगिरी बाळगली पाहा. ही सरासरी आहे, हिच्यांत वरच्या वर्गांचा मोठा वांटा मिसळलेला आहे, म्हणून गरिबाच्या हातीं वीसही पडत नाहींत, असें त्यांनीं सांगितलें. आणि शेजारीं तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडून तो कित्येक प्रांतांत या सरासरीहून अधिक आहे असें दाखविलें. आपल्या बाजूस सोईचा असलेला आंकडाही असा तपासून पाहणारा मनुष्य विरळा. आम्ही बहुतेक जण उलट करतों. प्रतिपक्षाचा आंकडा भिंगाखालीं धरतों आणि आपला टाळ्यांनीं पास करतों.

सरासरीचा घोटाळा आमच्या प्रगतिपुस्तकांतही शिरलेला आहे. "वर्गाची सरासरी ६२, आणि आमच्या बाळूला ५५! म्हणजे अर्धाअधिक वर्ग याच्या पुढें," असें म्हणून एखादी माउली कपाळाला हात लावते. पांच मुलांचे गुण ९५, ९५, ५५, ३५ व ३० असे असतील तर सरासरी ६२ च येते, आणि ५५ चा बाळू पांचांत तिसरा, म्हणजे नेमका मध्यावर उभा असतो. तेव्हां मातोश्रींनीं बाळूच्या पाठीवर धपाटा घालण्यापूर्वीं गुणांचा सगळा तक्ता मागवून घ्यावा, एवढीच आमची बाळूच्या वतीनें विनंती.

याहून मोठ्या अनर्थाचा एक आंकडा आहे. १९४१ ते १९५१ या दशकांत आपल्या देशांत जन्मलेल्या माणसाचें सरासरी आयुष्य सुमारें ३२ वर्षांचें होतें, असें जनगणनेवरून काढलेलें अनुमान प्रसिद्ध आहे. आज तेंच सत्तरीच्या घरांत पोंचलें आहे. हा आंकडा वर्गांत सांगितला, कीं मुलांच्या डोळ्यांपुढें एक चमत्कारिक देखावा उभा राहतो. त्या काळीं तिशी ओलांडतांच माणसें म्हातारीं होऊन पटापट मरत असावींत! मग एखादा चौकस विद्यार्थी उठून विचारतो, कीं दादाभाई ९१ वर्षे जगले, डॉक्टर भांडारकर ८८ व्या वर्षीं वारले, महर्षि कर्व्यांनीं तर १८५८ पासून १९६२ पर्यंत १०४ वर्षे पाहिलीं, तें कसें? प्रश्न उत्तम आहे. त्याचें उत्तर पाळण्यांत आहे. समजुतीपुरतें असें धरा, कीं दहा मुलें जन्मलीं. पांच दोन वर्षांचीं होऊन गेलीं, पांच बासष्ट वर्षे जगलीं. सरासरी काढा, ती बरोबर ३२ येते, आणि बत्तिसाव्या वर्षीं मेलेला मनुष्य या दहांत एकही नाहीं. प्रत्यक्षांत हिंवताप, क्षय, पटकी आणि बाळंतपण यांनीं तरुण माणसेंही पुष्कळ नेलीं हें खरें. तरीपण त्या बत्तिसांतील मोठा भार तान्ह्या मुलांच्या मृत्यूंचा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास हजार जन्मांमागें दीडशेंच्या आसपास मुलें पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वींच जात होतीं. आज ती संख्या तिसांच्याही खालीं आली आहे.

आतां हेंच चित्र दुसऱ्या बाजूनें पाहा. घरोघरीं एखादे आजोबा किंवा पणजीबाई असतात, नव्वदी गांठलेल्या, दांत शाबूत, चष्म्याशिवाय पोथी वाचणाऱ्या. त्यांचें म्हणणें ठरलेलें असतें. "आम्हीं कोठें लशी टोंचून घेतल्या? आम्हीं कोठें पाणी उकळून प्यालों? ओढ्याचें पाणी, चुलीवरची भाकरी, आणि पाहा कसें खणखणीत आहों!" त्यांच्या या बोलण्यांतला शब्द न् शब्द खरा असेल. (लशीपुरता मात्र बहुधा खरा नसतो; पणजीबाईंच्या दंडावर देवीच्या टोंचणीचा वण रुपयाएवढा स्पष्ट दिसत असतो, पण त्यांच्या हिशेबीं ती लस नव्हे, "देवी काढल्या" एवढेंच.) परंतु त्यांच्यासारखेंच ओढ्याचें पाणी प्यालेलीं त्यांचीं दोन भावंडें पाळण्यांत गेलीं, एक बहीण गोवरानें गेली. तीं आज ओट्यावर बसून आपली हकीकत सांगावयास नाहींत. ओट्यावर जे बसले आहेत ते सगळे वांचलेले आहेत. म्हणून ओट्यावरची साक्ष एकजात वांचण्याच्या बाजूची पडते. आणि या साक्षीवर विसंबून एखादी सून आपल्या तान्ह्याची लस पुढच्या महिन्यावर ढकलते.

न आलेल्यांची साक्ष काढावी कशी, याचा एक नामांकित दाखला दुसऱ्या महायुद्धांतला आहे. लढाईवरून परतणाऱ्या विमानांना गोळ्यांचीं भोंकें कोठें कोठें पडलीं आहेत याची मोजदाद झाली, म्हणजे सहज मनांत यावें कीं जेथें भोंकें अधिक तेथें पोलादी पत्रा जाड करावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत आंकडेशास्त्रज्ञांचें एक मंडळ सैन्यासाठीं काम करीत होतें. त्यांत अब्राहाम वॉल्ड नांवाचे गणिती होते. परत आलेल्या विमानांवरील भोंकांवरून परत न आलेल्यांविषयीं काय समजतें, याचें गणित त्यांनीं १९४३ सालीं मांडलें. त्यांच्या विचाराचा गाभा असा, कीं ज्या भागावर भोंकें दिसूनही विमान घरीं परत आलें, तो भाग मार सोसणारा आहे. भोंकें जेथें दिसत नाहींत तेथें गोळी लागलीच नाहीं असें नव्हे, तेथें लागलेलीं विमानें समुद्राच्या तळाशीं गेलीं. दैवाची करणी अशी, कीं हे वॉल्ड १९५० च्या डिसेंबरांत सरकारच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानांत व्याख्यानें देत फिरत असतां निलगिरीच्या डोंगरांत विमानाच्याच अपघातांत सपत्नीक मृत्यु पावले.

एवढ्यावरून आंकड्यांवर विश्वासच ठेवूं नये, असें कोणी अनुमान काढील तर तेंही आम्हांस मान्य नाहीं. "आंकड्यांचें काय, हवें तसें वळवितां येतात," असें म्हणून हात झटकणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांतील बहुतेकांना मोजण्याचा कंटाळा असतो. अपुऱ्या मोजणीनें झालेली चूक अधिक बारीक मोजणीनेंच सुधारते. याचें एक उदाहरण आम्ही जरा विस्तारानें देणार आहों, कारण आमच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलींच्या आईबापांशीं त्याचा निकटचा संबंध आहे.

दहावीचा निकाल लागला, कीं "यंदाही मुलींचीच बाजी" असा मथळा वृत्तपत्रांत ठरलेला. आंकडा खरा, आपल्या राज्यांत वर्षानुवर्षे मुलींचें उत्तीर्ण होण्याचें प्रमाण मुलग्यांहून अधिक येत आहे, व त्याबद्दल आम्हांस आनंदच वाटतो. पण त्यावरून "आतां मुलींची काळजी नको, त्या पुढेंच आहेत," असें जें बोललें जातें तें ऐकून आम्ही अस्वस्थ होतों. परीक्षेस बसलेल्यांची एकूण संख्या पाहिली तर मुली मुलग्यांहून कमी असतात. याला कांहीं अंशीं जन्मतःच मुलींची संख्या कमी हें लज्जास्पद कारण आहे. पण सातवी-आठवीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीं, शाळा दूर म्हणून, किंवा लग्न ठरलें म्हणून ज्या घरीं बसल्या त्याही या गणतींत नाहींत. ज्या टिकल्या त्यांचा निकाल चांगला लागला. ज्या टिकल्या नाहींत त्यांचा निकाल कोणत्या रकान्यांत पाहावा?

परीक्षेच्या पुढची पायरी म्हणजे कोणत्या शाखेकडे जावयाचें ही. तेथें काय घडतें हें अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या आंकड्यांनीं फार चांगलें दिसून आलें. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथील विद्यापीठांत १९७३ सालीं पदवीनंतरच्या अभ्यासासाठीं ८,४४२ पुरुषांनीं व ४,३२१ स्त्रियांनीं अर्ज केले. पुरुषांपैकीं शेंकडा ४४ घेतले गेले, स्त्रियांपैकीं शेंकडा ३५. एवढा मोठा फरक योगायोगानें पडत नाहीं. स्त्रियांवर उघड अन्याय होत आहे, असें कोणासही वाटावें. बिकेल, हॅमेल व ओकॉनेल या तिघा विद्वानांनीं हे आंकडे शाखावार मांडून पाहिले व १९७५ सालीं आपला शोध "सायन्स" नांवाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. तेव्हां देखावा पार पालटला. अर्जांच्या संख्येनें मोठ्या अशा सहा शाखा घेतल्या तर पहिलींत पुरुषांना प्रवेश शेंकडा ६२ व स्त्रियांना ८२. दुसरींत ६३ व ६८. चौथींत ३३ व ३५. सहावींत ६ व ७. तिसऱ्या व पांचव्या शाखेंत तेवढे पुरुष थोडे पुढें होते. म्हणजे शाखाशाखांतून पाहतां स्त्रिया मागें नाहींत, कोठें कोठें पुढेंच आहेत, आणि सर्व शाखांची गोळाबेरीज करतांच त्या मागें पडतात!

हें इंद्रजाल नव्हे. पहिल्या दोन शाखांत अर्ज करणाऱ्या निम्म्याहून अधिकांना जागा मिळत होती, तर सहावींत शंभरांतील सहासातांनाच. सहा शाखांकडे अर्ज करणारे पुरुष २,६९१. त्यांतील १,३८५ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, पहिल्या दोन मोकळ्या दारांशीं उभे होते. स्त्रिया १,८३५; त्यांतील त्या दोन दारांशीं किती, तर १३३. बाकीच्या सगळ्या जेथें गर्दी अतोनात व जागा थोड्या, अशा दारांशीं. दारावरचा पहारेकरी सहसा कोणाशीं दुजाभाव करीत नव्हता. पण कोण कोणत्या दाराशीं येऊन उभें राहील, हें दार उघडण्यापूर्वींच ठरून गेलें होतें.

पुष्कळ लोक ही गोष्ट येथवर सांगतात व "पाहा, अन्याय मुळीं नव्हताच," असें म्हणून थांबतात. आमच्या मतें हीही एक भूलच, पहिलीहून थोडी अधिक शिकलेली. त्या तिघा विद्वानांनीं आपला निष्कर्ष तेथें संपविला नाहीं. ज्या शाखांत शिरकाव सोपा होता, त्यांना गणिताची पूर्वतयारी अधिक लागत होती. आणि स्त्रियांना त्यांच्या संगोपनानें व शिक्षणानें लहानपणापासूनच गर्दीच्या, कमी पैशाच्या व कमी भवितव्याच्या शाखांकडे वळविलेलें असतें, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. अन्याय नव्हता असें नाहीं. तो विद्यापीठाच्या कचेरींत सांपडला नाहीं, कारण तो घरांत आणि शाळेंत आधींच उरकला होता.

तो येथेंही उरकतो. मुलगी नववींत असतां "तुला कशाला एवढें गणित? पास होण्यापुरतें कर," हें वाक्य बोलणारे वडील दुष्ट नसतात, प्रेमळच असतात. तिची धांवपळ वांचावी म्हणून ते बोलतात. आणि आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. फळ्यावर अवघड उदाहरण सोडवावयास कोणास बोलवावयाचें अशी वेळ आली, म्हणजे आमचें बोट आपोआप कोणत्या बाकांकडे वळतें, हें आम्हीं गेल्या वर्षीं एक आठवडाभर मुद्दाम वहींत टिपून ठेविलें. ती वही येथें छापण्याचें धैर्य आमच्या अंगीं नाहीं.

दुसऱ्यांच्या आंकड्यांवर इतकें लिहिल्यानंतर आपल्या आंकड्यांविषयीं मौन धरणें बरें दिसणार नाहीं. या वार्षिकाच्या अखेरीस दरसाल शाळेचा निकाल छापतात. आजपर्यंत त्यांत बसलेले किती, उत्तीर्ण किती व शेंकडा प्रमाण किती, असे तीनच रकाने असत. आमचाही आंकडा खराच असे, आणि आमच्याही शाळेंतून कांहीं मुलें नववींत गळतच असत. त्यांच्यासाठीं रकाना नव्हता. यंदापासून मुख्याध्यापकांच्या संमतीनें आणखी दोन रकाने घातले आहेत. दोन वर्षांपूर्वीं हीं मुलें नववींत शिरलीं तेव्हां वर्गांत एकूण किती होतीं, हा पहिला. व त्यांतील मुलगे किती, मुली किती, हा दुसरा. त्यामुळें यंदाचें प्रमाण गतवर्षापेक्षां उतरलेलें दिसेल. निकाल खालावला अशी पालकांनीं समजूत करून घेऊं नये. भाजकाची संख्या बदलली आहे. जीं मुलें मध्येंच गेलीं त्यांतील कित्येकांच्या घरीं जाऊन वर्गशिक्षकांनीं चौकशी केली आहे, व तीन मुली दिवाळीनंतर परत आल्या आहेत.

प्रारंभीं सांगितलेल्या गृहस्थांचा मुलगा पुन्हां आमच्या दृष्टीस पडला तो एक वर्षानंतर. नववीच्या अखेरीस त्याच्या वडिलांस त्या संस्थेनें बोलावून घेतलें होतें, आणि त्याचा दाखला त्यांच्या हातीं ठेवण्यांत आला होता. आमची शाळा खाजगी विद्यार्थ्यांचें संपर्ककेंद्र असल्यामुळें सतरा नंबरच्या फॉर्माचे कागद घेऊन बापलेक कचेरीच्या खिडकीशीं उभे होते. वडील आमच्याशीं कांहीं बोलले नाहींत. आम्हींही जाहिरातीचा विषय काढला नाहीं. गणिताच्या शिक्षकांनीं त्यास शनिवारीं शाळा सुटल्यावर येत जा म्हणून सांगितलें, व तो वर्षभर नेमानें येत राहिला. पुढच्या मार्चांत तो परीक्षेस बसला आणि उत्तीर्ण झाला. गणितांत त्यास ५८ गुण मिळाले. त्या संस्थेच्या जून महिन्यांतील जाहिरातींत "सलग नवव्या वर्षीं" असें छापलें होतें. मुलाचें नांव त्यांच्या निकालांत नव्हतें, आणि आमच्याही नव्हतें. खाजगी विद्यार्थ्यांची गणती निराळी होते.